माळ्यावरचे अरण्य

दिवाळी जवळ आली म्हणजे घराघरांतून माळे उपसले जातात. मोडका पाळणा, काच फुटलेली तसबीर, एका पायाने लंगडा झालेला चौरंग, कोणाच्या तरी मुंजीत मिळालेले तबक अशा वस्तू धुळीसकट खाली उतरतात आणि घरात एक लहानसा तंटा उभा राहतो. एक म्हणते, टाकून द्या; दुसरे हटकून म्हणते, असू दे, ते टाकू नका. वस्तूंचा हा तंटा दिवेलागणीपर्यंत मिटतो. परंतु कुटुंबाच्या मनालाही असा एक माळा असतो आणि तेथे वस्तूंऐवजी समजुती ठेवलेल्या असतात. आजोबांची इनामदारी कधीच गेली, पण त्यांच्या बोलण्यात ती अजून शाबूत आहे. थोरल्याच्या हातून काहीतरी मोठे घडणार आहे, असे घर वीस वर्षे मानत आले आहे आणि तोही मानत आला आहे. लग्नाच्या वेळी एक गोष्ट सांगायची राहून गेली. ती राहून गेली म्हणूनच कदाचित संसार सुखाने चालला. हा माळा उपसावा की नाही? उपसायचाच तर कोणी उपसावा, घरातल्याने की बाहेरच्याने? आणि उपसताना जे कोसळेल, ते कोणाच्या अंगावर पडेल?

नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याने १८८४ साली 'रानबदक' या नाटकात हाच प्रश्न विचारला, आणि तो विचारताना खरोखरीचा माळाच रंगमंचावर आणून ठेवला. इंग्रजीतील 'वाइल्ड डक' या नावाने हे नाटक आपल्याकडच्या नाट्यप्रेमींना ठाऊक आहे. तथापि इब्सेन म्हटला की आपल्याला प्रथम आठवते ती नवऱ्याच्या घराचे दार लावून निघून जाणारी नोरा. अनंत काणेकरांच्या 'घरकुला'मुळे ती मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीची झाली. नोराचे नाटक १८७९ सालचे. त्यानंतर दोन वर्षांनी इब्सेनने प्रतिष्ठित घरातले झाकून ठेवलेले पाप 'भुते' या नाटकात उघडे केले, आणि १८८२ साली असा एक डॉक्टर उभा केला की जो आपल्या गावाच्या स्नानगृहांतले पाणी दूषित आहे हे सत्य सगळ्या गावाचे वैर पत्करून सांगतो. एवंच, इब्सेन म्हणजे भ्रमांचा वैरी, अशी त्याची ख्याती झाली होती. आणि दोनच वर्षांनी त्याने असे नाटक लिहिले की ज्यात सत्य सांगणारा माणूस एका सुखी घराचा नाश करतो! त्याच्या चाहत्यांना कोडे पडले, यात नवल नाही.

नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगावयास हवी. वेर्ले नावाचा एक धनाढ्य व्यापारी आणि एकदाल नावाचा एक लेफ्टनंट यांची पूर्वी भागी होती. सरकारी जंगलातली झाडे बेकायदा तोडल्याचा खटला झाला. वेर्ले सुटला आणि एकदाल तुरुंगात गेला. तो बाहेर आला तो खचलेला, दारूच्या आधाराने जगणारा म्हातारा होऊन. त्याचा मुलगा याल्मार. त्याला वेर्लेनेच फोटोग्राफीचे शिक्षण घेण्यास पैसे दिले, दुकान काढून दिले, आणि गीना नावाच्या मुलीशी त्याचे लग्न जमेल अशी तजवीजही केली. ही गीना पूर्वी वेर्लेच्याच घरी कामाला होती आणि मालकाने तिला आपल्या नादी लावली होती. याल्मारला यातले काहीही माहीत नाही. त्याला एवढेच ठाऊक आहे की आपल्याला एक गुणी बायको आहे, हेदविग नावाची चौदाव्या वाढदिवसाला आलेली मुलगी आहे, आणि आपण एक महान शोध लावून एकदाल घराण्याचे गेलेले नाव परत मिळवणार आहोत. शोध कसला, हे तोही सांगू शकत नाही. जेवण झाले की तो कोचावर पडून त्याचा विचार करतो.

या घराच्या मागच्या बाजूला छपराखाली एक माळा आहे. त्यात जुनी, वाळलेली नाताळची झाडे उभी करून ठेवली आहेत. कोंबड्या, कबुतरे आणि ससे आहेत. आणि एका टोपलीत एक रानबदक आहे. वेर्लेनेच ते शिकारीत जखमी केले होते. जखमी झालेले बदक पाण्याच्या तळाशी बुडी मारते आणि शेवाळात चोच रुतवून तिथेच राहते. पण वेर्लेच्या कुत्र्याने बुडी मारून त्याला वर आणले आणि हिंडत फिरत ते या घरी आले. आता ते लंगडते, पण लठ्ठ झाले आहे. एकेकाळी अस्वलांची शिकार करणारा म्हातारा एकदाल या माळ्यात पिस्तूल घेऊन सशांची शिकार करतो आणि आपण अरण्यात आहोत असे मानतो. याल्मारही कामाचा कंटाळा आला की तिथेच जाऊन रमतो. हेदविगच्या लेखी तर तो माळा म्हणजे समुद्राचा तळ आहे.

अशा या घरात वेर्लेचा मुलगा ग्रेगर्स येतो. बापाशी त्याचे पटत नाही. बापाच्या पापांचे ओझे त्याच्या डोक्यावर आहे. आपल्या जुन्या मित्राचा संसार असत्यावर उभा आहे हे कळताच तो ठरवतो की याल्मारला सगळे सांगायचे. मग बायको कबुली देईल, नवरा उदार मनाने क्षमा करील, आणि त्या क्षणापासून दोघांचे खरे सहजीवन सुरू होईल. तो याल्मारला फिरायला नेतो आणि सगळे सांगतो. घडते ते निराळेच. याल्मार घरी येऊन बायकोचा झाडा घेतो, आणि वेर्लेकडून हेदविगच्या नावाने पैसे देऊ करणारे पत्र येते तेव्हा त्याला शंका येते की मुलगी तरी आपली आहे काय? वेर्लेची दृष्टी अधू होत चालली आहे. हेदविगचेही डोळे जात चालले आहेत. तो मुलीला दूर लोटतो. ग्रेगर्स मग त्या मुलीला सुचवतो की वडिलांवरचे प्रेम सिद्ध करण्यासाठी तिने आपली सर्वांत लाडकी वस्तू, ते रानबदक, बळी द्यावे. मुलगी पिस्तूल घेऊन माळ्यात जाते. बार ऐकू येतो. बदक जिवंतच असते.

या नाटकावर आजवर जी चर्चा झाली ती बहुतांशी दोन पात्रांना समोरासमोर उभे करून झाली. एकीकडे ग्रेगर्स, तो म्हणतो सत्य. दुसरीकडे त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा डॉक्टर रेलिंग. रेलिंगचे शास्त्र असे की सामान्य माणसाला जगायला एखादा खोटा आधार लागतोच. तो काढून घ्या, की त्याचे सुखही त्याबरोबर जाते. याल्मारच्या डोक्यात महान शोधाची कल्पना भरवून दिली ती या रेलिंगनेच, औषध म्हणून. शेवटी मुलगी मरते, तेव्हा ग्रेगर्स हरला आणि रेलिंग जिंकला, असा निकाल आपण मनातल्या मनात देऊन मोकळे होतो. आपल्या जुन्या सुभाषितकारांनीही अप्रिय सत्य बोलू नये असा सल्ला देऊन ठेवलेलाच आहे. त्यामुळे हा निकाल आपल्याला घरचाच वाटतो.

परंतु मला हा निकाल घाईचा वाटतो. ग्रेगर्स आणि रेलिंग एकमेकांशी कितीही भांडोत, एका बाबतीत त्या दोघांचे पूर्ण एकमत आहे: या घरात ज्याचा विचार करावयाचा तो माणूस म्हणजे याल्मार. एकाला त्याचा आत्मा उजळायचा आहे, दुसऱ्याला त्याचे दुखणे सुसह्य करायचे आहे. रोगी तोच, नायकही तोच. गीनाला सत्य हवे की भ्रम, असे दोघांपैकी कोणीही तिला विचारत नाही. हेदविगच्या वयाच्या मुलीपुढे आगीशी खेळू नका, असे रेलिंग एकदा बजावतो खरा. पण त्याने स्वतः दिलेल्या औषधाची किंमत त्याच मुलीच्या डोळ्यांतून वसूल होते आहे, हे काही त्याच्या ध्यानात येत नाही.

ती किंमत इब्सेनने फार बारकाईने मांडून दाखवली आहे. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच मायलेकी दिव्याजवळ बसून हिशेब करताना दिसतात. लोणी किती लागले, हॅम आणि चीज यांना किती गेले, याची बेरीज चालली आहे. त्या दिवशी याल्मार वेर्लेकडे मेजवानीला गेलेला आहे. म्हणून या दोघींनी रात्रीच्या जेवणाला फाटा देऊन तेवढा खर्च वाचवला आहे. याल्मारने हेदविगला कबूल केले होते की मेजवानीतून तुझ्यासाठी काहीतरी छान आणीन. मुलगी वाट पाहून बसली आहे. तो येतो आणि त्याच्या लक्षात येते की आपण विसरलो. मग तो खिशातून काय काढतो? मेजवानीतल्या पदार्थांची छापील यादी! ती वाच, मी तुला प्रत्येक पदार्थाची चव कशी होती ते वर्णन करून सांगतो, असे तो म्हणतो. मुलीच्या डोळ्यांत पाणी येते आणि याल्मारलाच वाईट वाटते की या घरात बापाच्या एवढ्याशा विसराळूपणाचीही गय केली जात नाही. त्याच मेजवानीत आपला म्हातारा बाप दिवाणखान्यातून जाताना दिसला, तेव्हा त्याने ओळख न दाखवता तोंड फिरवले होते. ते मात्र तो घरी सांगत नाही.

दुकान कोण चालवते? गीना. गिऱ्हाईक तीच पाहते, फोटो तीच काढते, छायाचित्रांवर हात फिरवून ती सारखी करण्याचे काम तीच करते. एकदा याल्मार हे काम घेऊन बसलेला असतो; पण त्याचे मन माळ्याकडे ओढ घेत असते. हेदविग म्हणते, बाबा, मी करते. तो ब्रश तिच्या हाती देतो आणि वर बजावतो की डोळ्यांना त्रास करून घेऊ नकोस, नाहीतर त्याची जबाबदारी तुझी, माझी नाही. डोळे जाणार आहेत हे आईबापांना माहीत आहे. मुलीला माहीत नाही. ती आनंदाने वाकून काम करते आणि बाप माळ्यावरच्या अरण्यात जातो. सगळ्या नाटकात भ्रमाचे अर्थशास्त्र इतके स्वच्छ दुसरीकडे कोठे मांडलेले नाही.

आपल्या भाषेत कुटुंबप्रमुखाला 'कर्ता पुरुष' म्हणतात. व्याकरणात क्रिया करणारा तो कर्ता. एकदालांच्या घरात क्रिया सगळ्या बायका करतात आणि कर्तेपण तेवढे याल्मारकडे आहे. याल्मारला आपण पोशिंदे आहोत असे वाटते; गीनालाही तसेच वाटावे अशी तिची इच्छा आहे, किंबहुना ती स्वतःच तसे बोलते. महान शोध हा त्या घरातला मोठा भ्रम नव्हेच. घर पुरुषाच्या आधारावर उभे आहे, हा त्याहून मोठा आणि त्याहून जुना भ्रम आहे, आणि तो रेलिंगने दिलेला नाही. तो समाजाने दिलेला आहे, आणि त्या काळी कायद्यानेही. हे नाटक प्रसिद्ध झाले त्याच १८८४ साली नॉर्वेत स्त्रियांच्या हक्कांसाठी एक संघटना स्थापन झाली. पण विवाहित स्त्रीला कायद्याने सज्ञान मानले गेले ते त्यानंतर चार वर्षांनी, १८८८ साली. म्हणजे गिऱ्हाइकांशी व्यवहार करणारी, हिशेब ठेवणारी, सासऱ्याला सांभाळणारी गीना कायद्याच्या लेखी अज्ञान, आणि कोचावर पडून शोधाचा विचार करणारा याल्मार सज्ञान!

येथे मराठी वाचकाला गडकऱ्यांची सिंधू आठवल्यावाचून राहणार नाही. १९१९ सालच्या 'एकच प्याला'मध्येही नवरा प्याल्यात बुडालेला आणि बायको दळण दळून घर चालवणारी आहे. परंतु गडकऱ्यांनी सिंधूला देवता केली. तिच्या कष्टांवर इतके तेज चढवले की प्रेक्षक डोळे पुसत घरी गेला, आणि त्या कष्टांची तिला गरजच का पडावी हा प्रश्न त्या तेजात काहीसा झाकला गेला. इब्सेनने गीनाला तेज दिले नाही. तिला धड शब्दही उच्चारता येत नाहीत. याल्मार तिच्या चुका सुधारीत असतो. ती कविता बोलत नाही, लोण्याचा भाव बोलते. म्हणूनच की काय, पुष्कळ प्रेक्षकांच्या ध्यानात ती राहत नाही. पण ग्रेगर्स या घरात भाड्याने खोली घेतो त्या दिवशी काय होते ते पाहावे. आपले आपणच सगळे करायचे, कोणाची सेवा घ्यायची नाही, असा त्याचा बाणा. तो स्वतः शेगडी पेटवतो, हवेची झडप बंद करतो, खोलीभर धूर होतो. मग धूर घालवण्यासाठी शेगडीत पाणी ओततो आणि सगळी जमीन चिखल होते. ती पुसून घेण्याची व्यवस्था कोण करते? गीना. पुढच्या दोन अंकांत ग्रेगर्स जे करणार आहे, त्याची ही पूर्वसूचनाच म्हणावयाची.

कोणी म्हणेल, गीनाची बाजू फार घेऊ नका. पंधरा वर्षे नवऱ्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवली, ते असत्य नव्हे काय? आहेच. आणि इब्सेननेही ते लपवून ठेवलेले नाही. याल्मार तिला विचारतो की एवढी वर्षे तुला पश्चात्ताप कसा झाला नाही. तिचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. घर चालवता चालवता, रोजच्या कामाच्या रगाड्यात, ती जुनी प्रकरणे आपण जवळजवळ विसरूनच गेलो होतो, असे ती सांगते. याल्मारला हे उत्तर निर्लज्जपणाचे वाटते. मला त्यात एक निराळेच सत्य दिसते. पश्चात्तापाला निवांतपणा लागतो, आणि तो त्या घरात एकट्या याल्मारला होता. मुलगी कोणाची, असे तो विचारतो तेव्हा ती म्हणते, मला माहीत नाही. खोटे बोलून सुटका करून घेण्याची ती वेळ होती. त्याच वेळी ती खोटे बोलत नाही.

आता या नाटकात सत्य सांगितल्याने कोणाचेच भले झाले नाही, असे मात्र नाही. आपण सहसा विसरतो ती गोष्ट अशी की त्याच दिवशी आणखी एक लग्न ठरते. वेर्लेची घरव्यवस्था पाहणारी श्रीमती सोर्बी आणि स्वतः वेर्ले हे दोघे विवाह करणार आहेत. तिचाही भूतकाळ आहे, त्याचाही आहे. दोघांनी एकमेकांना सगळे सांगून टाकले आहे. ग्रेगर्स ज्या खऱ्या सहजीवनाच्या शोधात आहे, ते त्याला ज्याचा तिटकारा त्या बापाच्याच घरी उभे राहते! याचे इब्सेनला नुसते हसू आले असेल असे मला वाटत नाही. येथे त्याने सत्याची अट सांगितली आहे. श्रीमती सोर्बीने सांगितले ते तिचे स्वतःचे सत्य होते. तिने ते आपल्या तोंडाने, स्वतःला धोका पत्करून सांगितले. आणि ऐकणाऱ्यालाही ते ऐकून घेण्याची गरज होती, कारण आंधळेपण येत असलेल्या त्या माणसाला तिच्या हाताची गरज होती. दोघांचे काहीतरी पणाला लागले होते. ग्रेगर्सने सांगितले ते दुसऱ्याचे सत्य. त्याची स्वतःची दिडकीही त्यात गुंतलेली नव्हती. शिकारी कुत्रा जसा तळाशी बुडी मारून जखमी बदकांना वर आणतो, तसे आपण व्हावे अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती; पण त्या कुत्र्याने वर आणलेले बदक लंगडेच राहिले, हे तो सोयीस्करपणे विसरला.

शिवाय ग्रेगर्सच्या आदर्श संसाराचे चित्रही नीट न्याहाळून पाहावे. त्यात कबुली द्यायची ती बायकोने, आणि क्षमा करायची ती नवऱ्याने. नोराचा नवरा तिला जशी बाहुली मानीत होता, तसेच हेही एक बाहुलीघरच. फक्त बाहुलीच्या तोंडी पश्चात्तापाचे शब्द घातलेले. गीनाला ज्या माणसाने वयाच्या आणि सत्तेच्या जोरावर नादी लावले, त्याचे कृत्य ग्रेगर्स जाणतो, बापाचा द्वेषही करतो; तरीही क्षमा मागण्याची पाळी तिच्यावरच यावी, यात त्याला काही विपरीत दिसत नाही. दोघांच्या चेहऱ्यांवर दिव्य प्रकाश पाहावा म्हणून तो उत्सुकतेने घरात शिरतो आणि त्याला तिथे नुसता काळोख दिसतो, तेव्हा तो खरोखरच बुचकळ्यात पडतो.

आणि हेदविग? मोठ्यांच्या घरात लहान मूल हे एकच माणूस असे असते की जे शब्दांवर विश्वास ठेवते. याल्मार म्हणतो त्या बदकाची मान पिरगाळावीशी वाटते, ते तिला खरे वाटते. ग्रेगर्स बोलतो एक आणि त्याच्या मनात दुसरेच काही असते, एवढे त्या पोरीला कळते. तरीही बलिदानाचा शब्द तिच्या मनात रुततो. मोठी माणसे बलिदान, आदर्श, कलंक, मुखवटा असले शब्द वापरून संध्याकाळी कोचावर निजतात. मूल त्या शब्दांचा अर्थ लावीत जागे राहते. पाचव्या अंकात याल्मार घर सोडण्याच्या गोष्टी करतो आहे, आणि ते करताना गीनाने आणलेली कॉफी व भाकरी खातो आहे, लोणी नाही म्हणून कुरकुरतो आहे. आदल्या दिवशी बाणेदारपणे दोन तुकडे केलेले ते वेर्लेचे पत्र तो डिंक आणि कागदाची पट्टी घेऊन काळजीपूर्वक चिकटवतो. मग तो ग्रेगर्सजवळ आपली शंका बोलून दाखवतो की मी तिला म्हटले, माझ्यासाठी जीव दे, तर ती देईल काय? पलीकडे माळ्यात ती आहे. ती हे ऐकते की नाही, ते इब्सेन सांगत नाही. तेवढ्यात बार ऐकू येतो.

भ्रम चांगला की सत्य चांगले, हा प्रश्न या ठिकाणी मला अपुरा वाटू लागतो. त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारावेत. या भ्रमाचे भाडे कोण भरते आहे? आणि हे सत्य सांगितले तर त्याची किंमत कोणाला द्यावी लागेल? याल्मारच्या भ्रमाचे भाडे गीना कष्टांनी आणि हेदविग डोळ्यांनी भरीत होती. ग्रेगर्सच्या सत्याची किंमत हेदविगने जीव देऊन दिली. दोन्ही वेळा देणारे तेच, आणि दोन्ही वेळा चर्चा करणारे दुसरेच. म्हणून रेलिंग जिंकला, असे मला म्हणवत नाही. नाटक संपताना तो ग्रेगर्सला म्हणतो, वर्ष उलटण्याच्या आत ही मुलगी याल्मारला शोकाची सुंदर भाषणे करायला एक विषय होऊन बसेल. भाकीत खरे ठरेल यात शंका नाही. पण अशा माणसाला तसा जपून ठेवण्याचे औषध तर त्यानेच दिले होते.

याच कसोटीवर आपल्या घरातली लहानसहान असत्येही घासून पाहता येतील. पाहुणे आले, पुरणपोळ्या कमी पडल्या, आणि घरातली बाई म्हणाली, मला आज भूकच नाही. हे असत्यच, पण त्याचे भाडे ती स्वतः भरते. याउलट निवृत्त झालेल्या मामंजींना अजून वाटते की घरातले सगळे व्यवहार आपल्याच सल्ल्याने चालतात. सगळे त्यांना विचारतात आणि मग करायचे ते करतात. त्या भ्रमाचे भाडे सगळेजण थोडे थोडे भरतात, हसत भरतात, आणि ते कोणाला जड होत नाही. असला भ्रम मोडायला जो ग्रेगर्स येईल त्याला दारातूनच चहा पाजून वाटेला लावावे. पण थोरल्याच्या मोठेपणाच्या स्वप्नासाठी धाकटीचे शिक्षण थांबले असेल, मुलाच्या हुशारीचा डौल राखण्यासाठी सुनेने आपली नोकरी ही 'वेळ घालवण्याची गोष्ट' म्हणवून घेतली असेल, तर तो भ्रम कितीही मायेने जपलेला असला तरी त्याला हात घालायला हवा. तो कोणी घालावा? जे भाडे भरतात त्यांनी आधी, आणि जे राहतात त्यांनी त्यांच्यानंतर लगेच. बाहेरच्याने फार तर एवढेच करावे की त्यांना बोलता येईल इतकी शांतता घरात राहू द्यावी.

आणि पहिले असत्यही तसेच सोडून देता येत नाही. 'मला भूक नाही' हे वाक्य ज्या घरात एकच माणूस वर्षानुवर्षे म्हणत असते, तेथे ते ऐकणाऱ्यांनी कधीतरी भांड्यात डोकावून पाहिले पाहिजे. गीनाने कधी तक्रार केली नाही, म्हणून कोणी डोकावले नाही. सोसणाऱ्याच्या मौनाला संमती समजणे, हा बहुधा सुखी घरांतला सर्वांत जुना भ्रम असावा.

नाटकाच्या शेवटी सगळे पुरुष आपापले बोलत असतात. याल्मार आकाशाकडे हात करून देवाला जाब विचारतो. मोलविक नावाचा एक दारूने झिंगलेला माजी धर्मविद्यार्थी प्रार्थना पुटपुटतो. ग्रेगर्सला या मरणातही काही उदात्त घडल्याचा भास होतो. त्या गलबल्यात गीना मुलीला उचलायला वाकते. याल्मारला ती हाक मारते, हात लाव म्हणते, आणि सांगते की आता तरी ही आपल्या दोघांची झाली. ज्या प्रश्नासाठी एवढे सगळे झाले, त्याचे उत्तर तेवढेच. मग ती दोघे तिला दोन बाजूंनी धरून, सांभाळून, स्वयंपाकघराच्या दाराने आत नेतात.